नकाशा कोठे आहे?

कलकत्त्यास नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच केव्हा तरी ‘बर्गी’ हा शब्द ऐकावा लागतो. ऐकविणारा गृहस्थ सहसा सज्जन असतो, हसत हसत बोलतो. पण बोलतो खरा. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांना पावणेतीनशेहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी येथील अंगाईगीतांतून ते बर्गी अद्याप घोडी दौडवीतच आहेत. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. मराठे काही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत, आणि खंदकही पुरा झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. आज बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली तेवढी त्याची खूण म्हणून उरली आहे.

आपल्या पूर्वजांनी न येता जे काम करून दाखविले, ते नकाशावर पाहावे अशी मला इच्छा झाली. १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या अपजॉनच्या नकाशात हा खंदक दाखविलेला आहे, एवढे मला ठाऊक होते. तेव्हा मी शोधास निघालो. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की, असा नकाशा दुसऱ्या ठिकाणी असावा. दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की, आमच्याकडे तो आहे, परंतु कोणत्या कपाटात आहे हे ज्यांना ठाऊक होते ते निवृत्त झाले. तिसऱ्या ठिकाणच्या सूचीत ‘कोलकाता’ या अक्षरांखाली काहीच नव्हते. शहराचे अधिकृत नाव २००१ साली बदलले. सूचीतील जुन्या नोंदींना ही वार्ता कोणी कळविली नव्हती. ‘कलकत्ता’ या नावाखाली नोंद कदाचित असेलही, पण तोवर कचेरी बंद होण्याची वेळ झाली. अखेर तो नकाशा मी घरी बसून, परदेशातील एका ग्रंथालयाने संगणकावर ठेवलेल्या प्रतीत पाहिला. ज्या शहराचा नकाशा, त्याच शहरात बसून तो समुद्रापलीकडून मागवावा लागला, याचे मला हसू आले. पुढे एका प्रसंगी मात्र हाच अनुभव हसण्याजोगा राहिला नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

तत्पूर्वी या शहराविषयी थोडे सांगितले पाहिजे. भूमीविषयीच्या ज्ञानाची एवढी भांडारे एका गावात क्वचितच सापडतील. जेम्स रेनेल १७६७ साली बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला आणि त्याने गंगा-ब्रह्मपुत्रेचे प्रवाह मोजून काढले. हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरते, हे गणित मांडणारे राधानाथ सिकदार याच शहराचे. भूगर्भाची पाहणी करणारे खाते १८५१ पासून येथे आहे. वनस्पतींची पाहणी, प्राण्यांची पाहणी, मानवशास्त्रीय पाहणी, या साऱ्यांची मुख्य ठाणी येथेच. १९५६ साली प्राध्यापक शि. प्र. चटर्जी यांनी राष्ट्रीय नकाशासंग्रहाची संस्था येथे उभी केली. ‘मेघालय’ हे सुंदर नावही त्यांनीच सुचविलेले. शिवपूरच्या उद्यानात वाळविलेल्या वनस्पतींचे लक्षावधी नमुने आहेत, आणि प्रत्येक नमुन्याखाली तो कोणी, कोठे, कोणत्या दिवशी खुडला याची चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी हाही एक नकाशाचा तुकडाच. एखादे झाड दीडशे वर्षांपूर्वी कोठे होते आणि आज कोठे नाही, हे सांगणारा तोच एक साक्षीदार.

भांडारांची येथे कधीच वाण नव्हती. एका भांडारातील वस्तू दुसऱ्या भांडारातील वस्तूशेजारी ठेवून पाहणारा माणसू क्वचित निपजे. असा एक माणूस या शहरात होऊन गेला, आणि त्याच्याविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे.

हेन्री पिडिंग्टन हा मूळचा जहाजावरील कप्तान. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला, येथील भूविज्ञानविषयक संग्रहालयाची व्यवस्था पाहू लागला आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचा अध्यक्षही झाला. बंगालच्या उपसागरात वादळ झाले की, त्यातून वाचून आलेली जहाजे हुगळीत नांगर टाकीत. प्रत्येक जहाजावर रोजनिशी असे. अमुक वाजता वारा अमुक दिशेचा, वायुभारमापकातील पारा इतका उतरला, जहाज अमुक अक्षांश-रेखांशावर. प्रत्येक कप्तानाला आपल्यापुरते वादळ ठाऊक. संपूर्ण वादळ कोणीच पाहिलेले नसे. पिडिंग्टनने या रोजनिश्या मागून घेण्याचा सपाटा लावला. त्यातील नोंदी तो एका नकाशावर मांडी, आणि मग दिसू लागे की, एकाच घटकेला एका जहाजावर वारा पूर्वेचा आहे, दुसऱ्यावर उत्तरेचा आणि तिसऱ्यावर पश्चिमेचा. म्हणजे वारा वाहत नाही, फिरतो आहे. १८३९ पासून पुढे अनेक वर्षे तो एकेका वादळावरचा असा निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध करीत राहिला. १८४८ साली त्याने खलाशांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात या फिरत्या वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव दिले. सर्पाच्या वेटोळ्यावरून घेतलेले हे ग्रीक नाव आज जगभर चालते. त्याचा जन्म कलकत्त्याचा.

त्या पुस्तकासोबत शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या दिलेल्या असत. त्यांवर वाऱ्याची वर्तुळे कोरलेली. नकाशावर आपले जहाज जेथे असेल तेथे चकती ठेवावयाची, वाऱ्याची दिशा जुळवावयाची, की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूस आहे ते कळे. एका माहितीवर दुसरी माहिती पारदर्शकपणे ठेवून पाहणे ही जी आजच्या संगणकावरील नकाशाशास्त्राची मुख्य किमया, ती त्या शिंगाच्या चकतीत होती.

१८५३ साली मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा पिडिंग्टनने गव्हर्नर जनरलला पत्र लिहून कळविले की, तेथे एखाद्या वादळात समुद्राची लाट येऊन सारे पाण्याखाली जाईल. पत्राचा उपयोग झाला नाही. बंदर झाले. त्याला कॅनिंगसाहेबांचे नाव मिळाले. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले, लाट आली, आणि बंदराची पुरी दैना झाली. पिडिंग्टन १८५८ सालीच वारला होता.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी प्रत्यक्ष कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले. सुमारे साठ हजार माणसे मेली असे सांगतात. त्यानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि पुढे १८६६ व १८७१ ची अवर्षणे पाहिल्यावर, निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेली हवामानाची निरीक्षणे एका छत्राखाली आणण्यासाठी १८७५ साली हवामान खाते स्थापन करण्यात आले. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख. त्याचेही ठाणे कलकत्त्यासच होते. तेथून ते सिमल्यास गेले, आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिच्या नावात हा सारा प्रवास साठविलेला आहे. आपण तेथे बसची वाट पाहतो, पण हे नाव असे का, हे विचारीत नाही.

मला यात लक्षणीय वाटते ते असे की, निरीक्षणे १८६४ पूर्वीही होती. रोजनिश्या होत्या, तक्ते होते. ती एकत्र आणण्यास साठ हजार प्रेते पडावी लागली.

आता माझ्या प्रसंगाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी कामाच्या निमित्ताने एक साधी दिसणारी जबाबदारी माझ्याकडे आली. भागीरथीच्या पूर्वेकडील एका तालुक्यात — इकडे तालुक्यास ब्लॉक म्हणतात — पिण्याच्या पाण्याच्या हापशांत आर्सेनिक म्हणजे सोमल किती आहे, याची उपलब्ध माहिती एकत्र करून एक नकाशा तयार करावयाचा. ‘उपलब्ध’ हा शब्द आदेशात होता. सरकारी भाषेत इतका आशावादी शब्द दुसरा नसेल.

बंगालच्या भूजलातील सोमलाची गोष्ट अनेकांच्या कानांवर असेल. १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रोगी आले. तळहात-तळपाय खरखरीत झालेले, अंगावर काळेपांढरे ठिपके. डॉक्टरांनी निदान केले की, हे विष पाण्यातून येत आहे. पुढे १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी हजारो हापशांचे पाणी तपासले. यात कोणा कारखान्याचा दोष नव्हता. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळातच हे द्रव्य आहे, आणि भूगर्भातील विशिष्ट परिस्थितीत ते पाण्यात उतरते. तळ्याचे गढूळ पाणी पिऊन पटकी होऊ नये म्हणून ज्या नळकूपांचा प्रसार केला, त्यांतूनच हे निघाले. सोमलाला रंग नाही, वास नाही, चव नाही. दोन हापसे पंचवीस पावलांवर असले, तरी एक विषारी आणि एक निर्दोष असू शकतो. म्हणूनच येथे गावाची सरासरी काढून भागत नाही. कोणता हापसा, तो कोठे, आणि त्याचा नळ किती खोल, या तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. उथळ थरांत दोष अधिक, पुष्कळ खोल गेल्यास तो बहुधा कमी. त्यामुळे खोली ठाऊक नसेल तर आकडा अर्धा मुका होतो.

मी चार कचेऱ्यांत फिरलो. चारही ठिकाणी माहिती होती, हे मी कृतज्ञतेने सांगतो. माणसे सौजन्याने वागली, चहा तर इतका पाजला की विचारू नका. पण पहिल्या तक्त्यात गावांची नावे होती, ती इंग्रजी अक्षरांत, आणि एकाच गावाची तीन शुद्धलेखने. दुसऱ्या तक्त्यात नाव नव्हते, मौजाचा ‘जे. एल.’ क्रमांक होता. ठाण्याच्या हद्दीतील प्रत्येक मौजाला महसूल खात्याने दिलेला हा अनुक्रमांक मोठा उपयोगी. पण जुन्या मोजणीचा क्रमांक की नंतरच्या, हे लिहिलेले नव्हते, आणि दोहोंमध्ये फरक पडतो. तिसऱ्या तक्त्यात जनगणनेचे संकेतांक होते. चौथ्यात प्रत्यक्ष अक्षांश-रेखांश होते, आणि मी हर्षभरित झालो. नकाशावर ठिपके मांडले, तर निम्मे हापसे तळ्यांत आणि भाताच्या शेतांत उभे! कारण असे की, आपले जुने नकाशे ज्या एव्हरेस्टच्या गोलाभावर रचले आहेत तो वेगळा, आणि आजची उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रे ज्याला धरून चालतात तो वेगळा. दोहोंतील एकच आकडा जमिनीवर या भागात शे-दोनशे मीटर किंवा त्याहूनही अधिक सरकतो. कोणता गोलाभ धरला, एवढे दोन शब्द तक्त्याच्या माथ्यावर असते, तर मला तीन आठवडे वाचले असते.

याहून मोठे दुःख पुढे होते. एका तक्त्यात पाण्यातील सोमलाचा आकडाच नव्हता. ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ एवढेच शेरे. तपासणी झाली तेव्हा आपल्याकडे एका लिटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ सालीच १० ही मर्यादा सुचविली होती, आणि पुढे आपल्या मानकानेही ती स्वीकारली. मर्यादा बदलल्याबरोबर ते सारे ‘सुरक्षित’ शेरे निरर्थक झाले. त्यांतील कोणत्या पाण्यात ८ होते आणि कोणत्यात ४५, हे आता कोण सांगणार? प्रयोगशाळेत कोणीतरी आकडा काढला होताच. तो कोठल्या तरी वहीत असेल. वही कोठे आहे?

आणि नकाशाचा कागद? हे जिल्हे बांगलादेशच्या सीमेला लागून. सीमेपासून सुमारे ८० किलोमीटरांच्या पट्ट्यातील सविस्तर नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते, म्हणजे ज्या भागात सोमल, नेमका त्याच भागाचा नकाशा हाती मिळणे कठीण. संरक्षणाची गरज मी नाकारीत नाही; मी स्वतः सरकारी नोकर आहे. परंतु ज्या नदीचे वळण उपग्रहाच्या छायाचित्रात शाळकरी पोरालाही दिसते, ते कुलपात ठेवून आपण कोणापासून लपवीत होतो, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

निर्बंध त्यानंतर पुष्कळ सैल झाले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २००५ च्या नकाशाधोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१२ साली शासकीय माहिती खुली करण्याचे धोरण आले. २०१७ पासून एकास पन्नास हजार प्रमाणाचे खुले नकाशे नागरिकांना विनामूल्य उतरवून घेता येऊ लागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक पूर्वपरवानग्या रद्द केल्या, आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. येथल्या भूवैज्ञानिक खात्याचा ‘भूकोश’ घरबसल्या पाहता येतो. अवकाश संस्थेचे ‘भुवन’ २००९ पासून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भूविज्ञानविषयक माहितीचे राष्ट्रीय भांडारही खुले झाले. दरवाजे उघडले, याबद्दल मला आनंद आहे. मात्र दरवाजे आता इतके झाले आहेत की, कोणत्या दरवाजामागे काय आहे हे सांगणारा दारवान हवा.

मी एम. ए. झालो तो इतिहास घेऊन, म्हणून मला पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण होते. दफ्तर होतेच, रुमालांत बांधलेले मोडी कागद खोल्या भरून होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा अभ्यासकाला त्या अरण्यात वाट सापडली. कागद जेथे होते तेथेच राहिले. सरदेसायांनी कोणता कागद, कोणत्या रुमालातील, कोणत्या विषयाचा, एवढे सांगितले. भूमीच्या माहितीलाही हेच हवे आहे. सर्व आकडे एका इमारतीत, एका प्रचंड यंत्रात गोळा करावेत, असे आमच्या सभांतून वरचेवर सुचविले जाते. मला ते पटत नाही. ज्याची माहिती त्याच्याकडेच राहावी. तोच तिची काळजी घेतो. पण प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर एक चिठ्ठी असावी: हे कोणी मोजले, केव्हा, कोणत्या साधनाने, कोणत्या गोलाभावर, कोणत्या मौजात, आणि कोणाला विचारले असता मिळेल. शिवपूरच्या वाळलेल्या फांदीखाली असते तशी. आणि त्या साऱ्या चिठ्ठ्यांची एकच सूची असावी, जीत ‘कलकत्ता’ शोधणाऱ्याला ‘कोलकाता’ही सापडेल. चिठ्ठी लिहिणे हे हलके काम समजले जाते. ते करून कोणाला बढती मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि माझ्या मते सारी अडचण येथेच आहे.

हे होऊ शकते, याचा दाखला दूर नाही. सीमेपलीकडे, त्याच नद्यांच्या गाळावर, बांगलादेशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याने ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेच्या साह्याने देशभरातील ३,५३४ नळकूपांचे पाणी तपासले आणि २००१ साली अहवाल काढला. अहवालाबरोबर त्यांनी प्रत्येक नळाचे स्थान, खोली आणि आकडा असा मूळ तक्ताच जगासाठी ठेवून दिला. आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दूरदूरचे संशोधक तोच तक्ता घेऊन नवनवे प्रश्न विचारीत आहेत.

माझा नकाशा अखेरीस झाला, अपुरा. पुष्कळशा हापशांची खोली कोणत्याच तक्त्यात नव्हती. तेव्हा मी एका सहकाऱ्यास घेऊन त्या गावांत गेलो. एका गावात हापसे बसविणारा म्हातारा मिस्त्री भेटला. नळ जमिनीत उतरविताना वीस-वीस फुटांचे पाइप एकास एक जोडीत जातात, आणि मिस्त्री ते मोजतो, कारण मजुरी त्यावर ठरते. आम्ही एकेका हापशापाशी उभे राहत होतो आणि तो डोळे किंचित मिटून सांगत होता: शाळेमागचा, सहा पाइप; मशिदीजवळचा, सात; मंडलांच्या अंगणातला, पाचच, मालकाने पैसे कमी दिले; आरोग्यकेंद्राचा, पंचवीस. वही त्याने कधी ठेवली नव्हती. चाळीस वर्षांतले शेकडो नळ त्याच्या स्मरणात होते. आम्ही लिहून घेत गेलो. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट हापसे झाले. नदीपलीकडच्या दोन वाड्या राहिल्या होत्या. त्या उद्या पाहू, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्हाला कचेरीच्या कामासाठी कलकत्त्यास परतावे लागले. पुढे तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्याच्या मुलाने दार उघडले. वडील पावसाळ्यात वारले, असे त्याने सांगितले. त्या दोन वाड्यांतील हापशांपुढे माझ्या नकाशात खोलीचा रकाना अद्याप कोरा आहे.